कम्युनिटी कॉलेजातील मॅन्युफॅक्चरिंग इंजिनिअरिंग टेक्नॉलॉजी : कोणासाठी, आणि प्रवेशापूर्वी काय तपासावे

ओहायोवासी (धागाकर्ती)

पुण्यातील मेकॅनिकलचा डिप्लोमा आणि भोसरीच्या एका टूलरूममधील तपासणी विभागाचा अनुभव एवढ्या शिदोरीवर मी ओहायोत आले आणि येथील एका कम्युनिटी कॉलेजात, म्हणजे स्थानिक लोकांसाठीच्या सार्वजनिक कॉलेजात, संध्याकाळच्या वर्गांना जाऊन मॅन्युफॅक्चरिंग इंजिनिअरिंग टेक्नॉलॉजीची (कारखान्यातील उत्पादनाच्या तंत्राची) असोसिएट, म्हणजे बॅचलरच्या खालची, पदवी घेतली. सध्या मी यंत्रभाग बनवणाऱ्या एका कारखान्यात प्रोसेस इंजिनिअरिंगचे (भाग कोणत्या क्रमाने आणि कसा बनवायचा ते ठरवण्याचे) काम करते. ओळखीपाळखीचे लोक या शिक्षणाविषयी सतत विचारतात आणि दर वेळी तेच तेच सांगावे लागते, म्हणून सर्व एकत्र लिहून ठेवत आहे.

माझे मत आधीच स्पष्ट करते. ज्यांना अमेरिकेत राहण्याची आणि काम करण्याची परवानगी आहे व ज्यांचे मन यंत्रापाशी रमते, त्यांच्यासाठी इतक्या कमी खर्चात इतके पक्के शिक्षण देणारा दुसरा मार्ग मला दिसत नाही. मात्र केवळ अमेरिकेत येण्याची वाट म्हणून महाराष्ट्रातून थेट या अभ्यासक्रमाला येऊ नये, असे मला मनापासून वाटते. कारणे पुढे येतीलच.

अमेरिकेतील पहिले सार्वजनिक कम्युनिटी कॉलेज १९०१ मध्ये इलिनॉय राज्यातील जोलिएट येथे सुरू झाले, असे मानले जाते. कारखान्याला जोडून असलेल्या संध्याकाळच्या शिक्षणाची परंपरा मात्र त्याहून जुनी आहे. आमच्या ओहायोतील डेटन शहरात १८८७ मध्ये डेव्हिड सिंक्लेअर यांनी वायएमसीए या ख्रिस्ती युवक संघटनेत नोकरदारांसाठी वर्ग काढले. विषय दोनच होते, हिशेबनीसी आणि मेकॅनिकल ड्रॉइंग. त्याच वर्षी मुंबईत व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूट, म्हणजे आजची व्हीजेटीआय, स्थापन झाली. दोन्ही शहरांना एकाच सुमारास एकाच प्रकारच्या माणसांची गरज भासू लागली होती, हे यावरून दिसते. डेटनच्या त्या वर्गांचेच पुढे सिंक्लेअर कम्युनिटी कॉलेज झाले.

डेटनचे उदाहरण मुद्दाम घेत आहे, कारण असे कॉलेज गावाच्या नशिबाशी कसे बांधलेले असते ते तेथे नीट दिसते. याच शहरात नॅशनल कॅश रजिस्टर कंपनीची यंत्रे बनत, येथेच राइट बंधूंचे सायकलींचे दुकान होते आणि मोटारीला विजेवर चालणारा स्टार्टर देणारी चार्ल्स केटरिंग यांची डेल्को कंपनीही येथलीच. अशा गावात टूल अँड डाय मेकर (साचे आणि हत्यारे घडवणारा कारागीर) हा मानाचा व्यवसाय असणे स्वाभाविक होते. पुढे डिसेंबर २००८ मध्ये शेजारच्या मोरेन येथील जनरल मोटर्सचा कारखाना बंद पडला आणि २००९ मध्ये एनसीआरने (नॅशनल कॅश रजिस्टरने) मुख्यालय जॉर्जिया राज्यात हलवण्याचे जाहीर केले. २०१४ मध्ये मोरेनचीच इमारत चीनच्या फुयाओ कंपनीने मोटारीच्या काचा बनवण्यासाठी घेतली. एक कारखाना जातो, दुसरा वेगळे तंत्र घेऊन येतो आणि मधल्या काळात हाताला काम नसलेल्या माणसांना नवे काही शिकावे लागते. ती जागा कम्युनिटी कॉलेज भरून काढते. माँटगोमेरी काउंटीचे लोक मालमत्ता कराच्या रूपाने या कॉलेजसाठी पैसे देतात, म्हणून काउंटीतील रहिवाशाला तेथे सर्वांत कमी फी पडते, ओहायोतील इतरांना त्याहून जास्त आणि परराज्यातील व परदेशी विद्यार्थ्यांना आणखी जास्त. फीचा हा उतरता-चढता हिशेब लक्षात ठेवावा, कारण 'कम्युनिटी कॉलेज स्वस्त असते' हे विधान सर्वांना सारखे लागू पडत नाही.

आता अभ्यासाविषयी. असोसिएट पदवी साधारण साठ ते पासष्ट क्रेडिटची (विषयांच्या अभ्यासाला मिळणाऱ्या एककांची) असते. पूर्ण वेळ शिकणाऱ्याला दोन वर्षे पुरतात, नोकरी सांभाळून शिकणाऱ्याला चार-पाच वर्षेही लागतात. ड्रॉइंग वाचन, संगणकावरील आरेखन, लेथ आणि मिलिंग, सीएनसी (संगणकाने चालणाऱ्या यंत्रांचे) प्रोग्रॅमिंग, मोजमापशास्त्र, धातूंचे गुणधर्म, सांख्यिकी गुणवत्ता नियंत्रण, पीएलसी (यंत्रे चालवणारे नियंत्रक) आणि रोबो, उत्पादनाचे नियोजन व खर्चाचा अंदाज, असे विषय कमीअधिक प्रमाणात सर्वत्र असतात. त्यांच्या जोडीला इंग्रजी लेखन, गणित आणि एखादा सामाजिक शास्त्राचा विषय असतो.

आपल्याकडून शिकून आलेल्याला पहिला अडथळा ड्रॉइंगमध्ये येतो. आपण फर्स्ट अँगल पद्धत शिकतो, येथे थर्ड अँगल चालते. आपल्या पद्धतीत वरून दिसणारे दृश्य समोरच्या दृश्याच्या खाली काढतात, येथे ते वर असते. उजवीकडून दिसणारे दृश्य आपण डावीकडे काढतो, येथे ते उजवीकडेच असते. ड्रॉइंगच्या कोपऱ्यातील छाटलेल्या शंकूचे चिन्ह पाहण्याची सवय लागली नाही, तर भोक जॉबच्या (घडवायच्या भागाच्या) उलट्या बाजूला पडते. दुसरा अडथळा इंचांचा. येथील बहुतेक शॉप (कार्यशाळा) इंचाच्या हजाराव्या भागात बोलतात, म्हणजे २५.४ मायक्रॉनमध्ये, आणि हा आकडा हिशेब न करता डोक्यात यावा लागतो.

मोजमापाच्या तासाला झालेला एक प्रयोग सांगते. मिलिंग मशीनवरून नुकताच उतरवलेला चार इंच लांबीचा ॲल्युमिनियमचा ठोकळा शिक्षकांनी आम्हाला मायक्रोमीटरने मोजायला दिला. तो हाताला कोमट लागत होता आणि माप बरोबर चार इंच आले. मग तो ग्रॅनाइटच्या सरफेस प्लेटवर ठेवून आम्ही दुसरे काम केले आणि तो पूर्ण निवल्यावर पुन्हा मोजला. लांबी जवळजवळ इंचाच्या एका हजारांशाने कमी भरली. ड्रॉइंगवर अधिक-उणे अर्ध्या हजारांशाची सूट होती, म्हणजे मशीनवर मापात बसलेला जॉब थंड झाल्यावर बाद ठरला. ॲल्युमिनियम दर मीटरला दर अंश सेल्सिअसला सुमारे २३ मायक्रॉन वाढते, आणि सर्व मापे २० अंश तापमानाला धरायची असतात, हे आम्ही सर्वांनी पुस्तकात वाचलेले होते. ते मशीनवर ऑफसेट (मापातील दुरुस्ती) देताना आठवले पाहिजे, हे त्या ठोकळ्याने शिकवले. या शाखेचे सारे बळ मला अशा शिक्षणात दिसते.

भौमितिक टॉलरन्सचेही (आकारात आणि जागेत किती फरक चालेल, त्याच्या नियमांचेही) तसेच. भोकाच्या जागेला दोन्ही दिशांना अधिक-उणे सूट दिली तर मान्य क्षेत्र चौकोनी होते. त्या चौकोनाच्या कोपऱ्यांतून जाणारे वर्तुळ मान्य क्षेत्र म्हणून धरले तर क्षेत्रफळ ५७ टक्क्यांनी वाढते. बोल्ट गोल असल्यामुळे जुळणी तरीही बिघडत नाही, आणि विनाकारण बाद होणारे जॉब वाचतात. एएसएमई या अमेरिकी मेकॅनिकल इंजिनिअरांच्या संघटनेचे वाय १४.५ हे टॉलरन्सचे मानक कोरडे वाटते, पण त्यातील प्रत्येक चिन्हामागे कोणाच्या तरी भंगाराच्या पेटीचा हिशेब आहे.

शेवटी सर्वांत महत्त्वाची गोष्ट, ती म्हणजे गणित. 'इंजिनिअरिंग' आणि 'इंजिनिअरिंग टेक्नॉलॉजी' या येथे दोन वेगळ्या शाखा आहेत आणि एबेट ही मानांकन संस्था त्यांची तपासणी दोन वेगळ्या आयोगांमार्फत करते. टेक्नॉलॉजीच्या असोसिएट पदवीत बहुधा बीजगणित आणि त्रिकोणमितीवर आधारलेले तांत्रिक गणित असते, तर इंजिनिअरिंगच्या वाटेला कॅल्क्युलस आणि कॅल्क्युलसवर आधारलेले भौतिकशास्त्र अटळ असते. दोन वर्षे टेक्नॉलॉजी शिकून मग मेकॅनिकल इंजिनिअरिंगच्या पदवीला जावेसे वाटले, तर गणित-भौतिकशास्त्र पहिल्यापासून करावे लागते आणि मिळवलेली कित्येक क्रेडिट वाया जातात. टेक्नॉलॉजीच्याच चार वर्षांच्या पदवीला जायचे असेल तर मार्ग बराच सरळ असतो, मात्र त्यासाठी आपल्या कॉलेजचा त्या विशिष्ट विद्यापीठाशी लेखी करार आहे का आणि त्यात कोणकोणते विषय मान्य आहेत, हे पहिल्या सत्राआधी पाहावे. 'क्रेडिट ट्रान्सफर होतात' हे सल्लागाराचे तोंडी वाक्य पुरेसे धरू नये.

गोदाकाठ

फार उपयुक्त लेखन. माझ्या भाच्याने नाशिकमधून मेकॅनिकलचा डिप्लोमा केला आहे. एका एजंटाने त्याला अमेरिकेतील कम्युनिटी कॉलेजात एफ-१ (विद्यार्थी) व्हिसावर पाठवण्याचे सुचवले आहे. दोन वर्षांचे शिक्षण, नंतर नोकरी आणि मग एच-१बी (नोकरीचा व्हिसा), असे त्याचे म्हणणे आहे. आपण थेट येऊ नये असे लिहिले आहे, त्याची कारणे कृपया विस्ताराने सांगावीत. घरची मंडळी शेतीचा तुकडा विकण्याच्या विचारात आहेत, म्हणून विचारतो.

ओहायोवासी

गोदाकाठ, शेत विकण्याची गोष्ट वाचून काळजी वाटली, म्हणून स्पष्ट लिहिते. असोसिएट पदवीनंतर एफ-१ विद्यार्थ्याला ओपीटी (शिक्षणानंतर काम करण्याची परवानगी) मिळू शकते, पण ती बारा महिन्यांचीच. तांत्रिक विषयांसाठी जी चोवीस महिन्यांची वाढ मिळते, तिच्यासाठी किमान बॅचलर पदवी लागते. एच-१बीच्या नोकरीसाठीही बॅचलर किंवा तिच्या बरोबरीची पात्रता मागतात. एजंटाने सांगितलेल्या साखळीतील शेवटची कडी त्यामुळे या पदवीने जोडली जात नाही. फी परदेशी विद्यार्थ्याच्या दराने द्यावी लागते, आणि पहिले शैक्षणिक वर्ष पूर्ण होईपर्यंत कॉलेजबाहेर काम करता येत नाही. काही तांत्रिक अभ्यासक्रम एम-१ (व्यावसायिक शिक्षणाच्या) व्हिसाचे असतात. त्यातील प्रात्यक्षिक कामाची मुदत तर जास्तीत जास्त सहा महिनेच असते.

याच कॉलेजातून चार वर्षांच्या विद्यापीठात जाण्याचा बेत असेल, तर खर्च चार वर्षांचा धरावा आणि करार आधी पाहावा. पण आपला भाचा डिप्लोमाधारक आहे. महाराष्ट्रात त्याला पदवीच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळू शकतो. ती पदवी घेऊन, दोन-तीन वर्षे एखाद्या चांगल्या कारखान्यात हात बसवून, मग उच्च शिक्षणासाठी यावे. छत्रपती संभाजीनगरच्या चिकलठाणा औद्योगिक वसाहतीतील इंडो-जर्मन टूल रूमचे अभ्यासक्रमही त्याने अवश्य पाहावेत. शेत विकण्याची घाई करू नये, ही कळकळीची विनंती.

निवृत्त अधिव्याख्याता

मी मराठवाड्यातील एका तंत्रनिकेतनात तीस वर्षांहून अधिक काळ उत्पादन विभागात शिकवले. आपला डिप्लोमा दहावीनंतर तीन वर्षांचा असतो, येथे वर्णन केलेली पदवी बारावीनंतर दोन वर्षांची. कागदावर विषय जवळपास सारखेच दिसतात. मला फरक दोन ठिकाणी जाणवतो. पहिला वयाचा. आमच्या वर्गात सर्व मुले सोळा ते एकोणीस वर्षांची असत, आणि कारखाना न पाहिलेल्या मुलाला टॉलरन्स म्हणजे काय हे सांगताना शिक्षकाची दमछाक होते. धागाकर्तीच्या वर्गात रात्रपाळी करून आलेला चाळिशीचा कामगार बसत असेल, तर त्याचे प्रश्नच अर्धे शिकवून जात असतील. दुसरा फरक हाताला मिळणाऱ्या यंत्राचा. एका लेथभोवती वीस मुले उभी असली की दोघे काम करतात आणि बाकीचे वहीत आकृती उतरवतात. आमच्याकडील प्रात्यक्षिकांत हे वर्षानुवर्षे असेच चालले, आणि याचे शल्य मला अजून आहे.

आपल्याकडे १९६१ चा शिकाऊ उमेदवार कायदा आहे, आणि २०१३ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने कम्युनिटी कॉलेजांची योजनाही आणली. परंतु नोकरीतील माणसाने संध्याकाळी येऊन एक-एक विषय करत पदवी पुरी करावी, ही सोय आमच्या व्यवस्थेत रुजली नाही. चाकण किंवा वाळूजच्या ऑपरेटरला ती मिळाली असती, तर त्याच्या ज्ञानाला कागदाचे बळ आले असते.

ओहायोवासी

सर, आपण लिहिलेले अगदी खरे आहे. आमच्या सीएनसीच्या वर्गात एक गृहस्थ होते, त्यांनी आयुष्यभर हाताने चालवायच्या मिलिंगवर काम केले होते. प्रोग्रॅममधील चिन्हे त्यांना जड जात, पण कटरचा आवाज ऐकून फीड (कटरपुढे जॉब सरकवण्याचा वेग) जास्त झाली हे ते स्क्रीनकडे न पाहता सांगत. आम्ही त्यांना कोड समजावत असू आणि ते आम्हाला धातू समजावत. यंत्रांच्या बाबतीत मात्र येथेही सर्वत्र सारखी स्थिती नाही. म्हणून प्रवेशापूर्वी कार्यशाळा प्रत्यक्ष पाहावी, एका बॅचला किती मशीन मिळतात ते विचारावे आणि संध्याकाळी कार्यशाळा मोकळ्या सरावासाठी उघडी असते का, हेही विचारून घ्यावे.

सिनसिनाटीकर

माझी मुलगी अकरावीत आहे, तिला रोबोटिक्सची विलक्षण आवड आहे. आम्ही अजून एच-१बीवर आहोत, ती एच-४वर (एच-१बीधारकाच्या कुटुंबीयांच्या व्हिसावर). केंटकीमध्ये टोयोटाच्या पुढाकाराने 'फेम' नावाचा कार्यक्रम चालतो असे ऐकले. तो तिला करता येईल का?

ओहायोवासी

फेमची सुरुवात २०१० मध्ये केंटकीत झाली. जॉर्जटाऊनच्या टोयोटा कारखान्याने तेथील कम्युनिटी कॉलेजाला बरोबर घेऊन हा कार्यक्रम उभा केला आणि २०१९ मध्ये त्याची राष्ट्रीय जबाबदारी मॅन्युफॅक्चरिंग इन्स्टिट्यूटकडे सोपवली. आठवड्यातील दोन दिवस वर्ग आणि तीन दिवस कारखान्यात पगारी काम, अशी त्याची घडण आहे. कार्यक्रम उत्तम आहे, परंतु पगारी काम हा त्याचा गाभा असल्यामुळे कामाचा परवाना लागतोच. एच-४वरील मुलांना तो मिळत नाही. २०१५ च्या नियमाने जी सोय झाली ती काही अटींवर केवळ जोडीदारासाठी आहे. शिवाय एकविसाव्या वर्षी मुलांचा एच-४ दर्जा संपतो, ही गोष्ट आपल्या घरी चर्चेत असेलच. तिच्या शिक्षणाचा आराखडा स्थलांतरविषयक वकिलाशी बोलून मगच ठरवावा.

मात्र आज एक गोष्ट करता येण्यासारखी आहे. ओहायोत 'कॉलेज क्रेडिट प्लस' ही योजना आहे, तिच्यात सातवी ते बारावीचे विद्यार्थी शाळेत असतानाच कॉलेजचे विषय घेऊ शकतात, आणि सार्वजनिक शाळेतील विद्यार्थ्याने सार्वजनिक कॉलेजात विषय घेतला तर फीचा भार कुटुंबावर पडत नाही. तिच्या शाळेच्या समुपदेशकांना विचारावे. विषय निवडताना कॅल्क्युलस आणि एखादा आरेखनाचा विषय घ्यावा, म्हणजे पुढे इंजिनिअरिंग आणि टेक्नॉलॉजी ही दोन्ही दारे तिला उघडी राहतील.

मिशिगनहून

मी मोटारींच्या सुट्या भागांच्या कारखान्यात उत्पादन विभाग सांभाळतो आणि माझे मत थोडे वेगळे आहे. असोसिएट पदवीवर आलेली माणसे पहिल्या दिवसापासून कामाची असतात, याविषयी वाद नाही. सेटिंग करतात, फिक्स्चर (जॉब पकडून ठेवणारी जोडणी) सुधारतात, प्रोग्रॅममधील चूक पकडतात. परंतु काही वर्षांनी बढतीची वेळ आली की कित्येक कंपन्यांचे नियम बॅचलर पदवी मागतात आणि गुणी माणूस अडकून पडतो. मी दोनदा अशा सहकाऱ्यांसाठी वरिष्ठांशी भांडलो, एकदाच यश आले. म्हणून अठरा वर्षांच्या मुलाने, घरची स्थिती ठीक असेल तर, सरळ चार वर्षांच्या पदवीला जावे, असे मी सांगेन. व्यावसायिक इंजिनिअरचा परवाना घ्यायचा असेल तर टेक्नॉलॉजीच्या पदवीबाबत प्रत्येक राज्याचे नियम वेगळे आहेत, हेही नोंदवून ठेवतो.

ओहायोवासी

आपला मुद्दा मला मान्य आहे, आणि अशा सहकाऱ्यांसाठी आपण शब्द टाकलात याचे मोल मोठे आहे. माझे म्हणणे एवढेच की ही पदवी शेवटची समजू नये. अनेक कंपन्या पुढील शिक्षणाची फी देतात; नोकरी लागताच त्याची चौकशी करावी आणि वर सांगितलेल्या लेखी कराराच्या आधारे उरलेली दोन वर्षे कंपनीच्या पैशाने करावीत. घरची स्थिती ठीक नसलेल्या मुलासाठी हाच क्रम सर्वांत सुरक्षित आहे, कारण कर्जाचा मोठा भाग टळतो आणि मधल्या काळात हातात कौशल्य असते. आपल्यासारखे अधिकारी बढतीच्या नियमांत 'पदवी किंवा तितकाच अनुभव' असे शब्द घालून घेऊ शकले, तर फार जणांचे भले होईल.

नवी सदस्या

नमस्कार ताई. माझे वय ४३ आहे, मी एच-४वर आहे. लग्नाआधी साताऱ्याच्या औद्योगिक वसाहतीत ड्राफ्ट्समन म्हणून काम करत होते, त्यानंतर मोठा खंड पडला. मला हे शिक्षण घेता येईल का? आणि कार्यशाळेत स्त्रियांना अवघड जाते का?

ओहायोवासी

नमस्कार. एच-४वर असताना शिक्षण घेता येते, त्यासाठी वेगळा विद्यार्थी व्हिसा लागत नाही. काम करण्यासाठी मात्र परवाना लागेल. पतींचा आय-१४० अर्ज (नोकरीवर आधारित ग्रीन कार्डसाठीचा) मंजूर असेल तर त्यासाठी अर्ज करता येतो. आपल्या जुन्या डिप्लोमाचे मूल्यमापन नॅसेस या परदेशी शिक्षणाचे मूल्यमापन करणाऱ्या संस्थांच्या संघटनेच्या एखाद्या सदस्य संस्थेकडून करून घ्यावे. सर्व विषयांची सूट मिळेलच असे नाही, पण ड्रॉइंगसारख्या विषयात मिळण्याची शक्यता असते. रहिवासी फी एच-४ला लागू होते का, हे राज्याराज्यांत वेगळे आहे. ते नोंदणी कार्यालयातून लेखी विचारून घ्यावे.

माझ्या बऱ्याच वर्गांत मी एकटीच स्त्री होते. पहिले काही आठवडे कोणी ना कोणी न विचारता माझ्या हातातील चक-किल्ली (यंत्रावर जॉब आवळण्याची किल्ली) घेऊ पाहत असे. मी शांतपणे नको म्हणत असे, आणि पुढे ते थांबले. जड व्हाइस (जॉब पकडणारा शिकंजा) उचलायला होइस्ट (उचलयंत्र) असते, ते पुरुषांनीही वापरायचे असते. आपण ड्राफ्ट्समन होतात, त्यामुळे आकृती वाचून वस्तू डोळ्यांसमोर उभी करण्याची सवय आपल्याला आहे आणि वर्गातील निम्म्या मुलांना ती नसेल.

पदवीसाठी एकदम नाव घालू नये. पुढील सत्रात फक्त ड्रॉइंग वाचन किंवा मोजमाप यांपैकी एक विषय घ्यावा, त्याबरोबर गणिताची प्लेसमेंट परीक्षा (कोणत्या पातळीपासून सुरुवात करायची ते ठरवणारी) द्यावी आणि तिच्या आधी त्रिकोणमिती उजळून घ्यावी. मोजमापाची उपकरणे बहुधा कॉलेजच देते, पण विषयाच्या माहितीपत्रकात ते पाहून घ्यावे. सुरक्षा चष्मा आणि पुढून मजबूत असलेले बूट स्वतःचे न्यावेत; ओढणी, सैल बाह्या, बांगड्या आणि अंगठी घरी ठेवावी. केस बांधूनच मशीनपाशी जावे. नोंदणीची तारीख ठरली की येथे कळवावे, मी माझी त्रिकोणमितीची टिपणे पाठवते.